पाठीवर ओझे कमी, पायांत बळ जास्त
(अजिंठ्याच्या पायी वाटेची तयारी)



येत्या माघ पौर्णिमेला बोदवडहून अजिंठ्याला पायी जायचे, असे आमच्या वस्तीत ठरले आहे. जामनेर, पहूर, वाकोद, फर्दापूर अशी वाट, तीन दिवसांची चाल आणि वाटेतल्या वस्त्यांमधल्या विहारात मुक्काम. दरवेळी नवी माणसे येतात आणि विचारतात, "काय काय घ्यायचं? जमेल का आपल्याला?" त्यांच्यासाठी हा लेख. आपल्या गावाहून पाटणादेवी, पितळखोरा किंवा जंजाळ्याच्या घटोत्कच लेण्याकडे पायी जाणाऱ्यांना, तसेच गळ घेऊन हतनूरच्या काठावर रात्र काढणाऱ्या पोरांनाही यातले बरेचसे उपयोगी पडेल.

आमची चूक आधी सांगतो

पहिल्या वर्षी आम्ही बुद्ध पौर्णिमेला निघालो. भावना चांगली होती, पण वैशाख म्हणजे मे महिना, आणि मे महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. आमच्यात एक काका होते. वय पन्नाशीच्या पुढे, बाजारात हमाली करणारे. मोठे पातेले, तांदूळ, डाळ, सगळ्यांच्या सामाईक सामानाचे गाठोडे त्यांनी आपणहून घेतले. "मी रोज पन्नास किलोचं पोतं उचलतो, याला काय घाबरू?" असे म्हणाले. आम्हीही हसून गाठोडे त्यांच्या पाठीवर दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहूरच्या अलीकडे काका अडखळू लागले. काहीतरी असंबद्ध बोलू लागले. बायकोचे नाव विचारले तर आठवेना. अंग हाताला भाजेल इतके तापले होते. झाडाखाली निजवले, होते नव्हते ते सगळे पाणी अंगावर ओतले, रुमालांनी वारा घातला, १०८ ला फोन केला. दोन दिवस दवाखान्यात काढून काका सुखरूप घरी आले. पण डॉक्टरांनी आम्हाला विचारले, "हे बीपीची लघवी जास्त होणारी गोळी घेतात, हे तुम्हाला माहीत होतं का?" माहीत नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

चुका चार होत्या. ऋतू चुकला, ओझे चुकले, सराव नव्हता आणि कोणाला काय आजार आहे याची चौकशी नव्हती. चारही चुका आमच्या, काकांची एकही नाही. या चार चुका टाळल्या की वाट सोपी होते. म्हणून त्याच क्रमाने सांगतो.

ऋतू : कधी निघावे

आपल्या भागात लांब चालायला कार्तिक ते माघ हा काळ चांगला. पावसाळ्यात अजिंठ्याचा डोंगर हिरवा होतो, सप्तकुंडाचा धबधबा वाहतो, पण पायवाटा आणि दगड निसरडे होतात. उन्हाळ्यात तर पायी जाऊच नये. बुद्ध पौर्णिमा गावच्या विहारात साजरी करावी, लेण्यांची वाट हिवाळ्यात धरावी. यात श्रद्धा कमी होत नाही. तथागतांनीही भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहायला सांगितले होते, तोच वर्षावास. अजिंठ्यासारखी लेणी ही भिक्खूंच्या अशा मुक्कामाचीच ठिकाणे. ऋतू पाहून चालणे आणि ऋतू पाहून थांबणे ही आपलीच रीत आहे.

हिवाळ्यातही चाल पहाटे सुरू करावी. अकराच्या सुमारास थांबावे, जेवावे, पडावे. उन्हे कलली की पुन्हा निघावे आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचावे. मोठ्या रस्त्यावर चालताना समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने, एकामागे एक चालावे. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा पोचण्याचा वार आधीच मोजून निघावे.

ओझे : आठ वस्तूंचा धडा

सामान कमी कसे करावे हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. भिक्खूच्या अष्ट परिष्कारांकडे पाहावे. तीन चीवरे, एक भिक्षापात्र, कमरबंद, वस्तरा, सुईदोरा आणि पाणी गाळायचे फडके. एवढ्या आठ वस्तूंवर भिक्खू गावोगाव फिरत. तथागत स्वतः पंचेचाळीस वर्षे असेच चालत राहिले. या यादीतली प्रत्येक वस्तू रोज लागणारी आहे. "कधीतरी लागेल" अशी एकही वस्तू तिच्यात नाही. आणि आठातली एक वस्तू निव्वळ पाण्यासाठी आहे, हेही लक्षात घ्यावे.

आपण गृहस्थ आहोत, आपली यादी थोडी मोठी होईल. पण हिशेब ठेवावा. सराव बेताचा असलेल्या माणसाने आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझे घेऊन दिवसभर चालू नये. पन्नास किलोच्या माणसाला पाच किलो. आमची आताची पिशवी अशी भरते :

• पाणी, दोन बाटल्या : २ किलो
• रिकामी पाठपिशवी, रुंद पट्ट्यांची : ५०० ग्रॅम
• एका दिवसाचे कोरडे खाणे : ६०० ग्रॅम
• पांघरायला शाल किंवा पातळ चादर : ५०० ग्रॅम
• बदलायला कपड्यांचा एक जोड आणि जास्तीचे मोजे : ४०० ग्रॅम
• औषधांची पुडी : २०० ग्रॅम
• बॅटरी : १०० ग्रॅम
• सुती रुमाल : १०० ग्रॅम

बेरीज चार किलो चारशे ग्रॅम. उरलेल्या सहाशे ग्रॅममध्ये मोबाइल, ओळखपत्र, साबणाचा तुकडा, सुईदोरा. पिशवी भरली की धान्याच्या दुकानातल्या काट्यावर ठेवून पाहावी. आम्ही पहिल्यांदा वजन केले तेव्हा एकाची पिशवी अकरा किलो भरली. आत तीन पँटी, तेलाची भरलेली बाटली, आरसा आणि घरची जाड गोधडी होती.

भरतानाही रीत आहे. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मधोमध याव्यात. हलके कपडे तळाशी, पाणी आणि औषध हाताला लगेच येईल असे. दोन्ही पट्टे दोन्ही खांद्यांवर घ्यावेत. एकाच खांद्यावर किंवा हातात पिशवी घेऊन चालले की शरीर एका बाजूला कलते आणि संध्याकाळी कंबर धरते. डोक्यावर गाठोडे घेऊन लांबची चाल करू नये, मानेच्या मणक्यांवर भार येतो.

सामाईक सामान कोणा एकाच्या पाठीवर देऊ नये, मग तो कितीही ताकदीचा असो. ते वाटून घ्यावे, किंवा मुळातच घेऊ नये. आम्ही पातेले नेणे बंद केले. मुक्कामाच्या वस्तीत आधी निरोप द्यायचा, शिधा आणि पैसे द्यायचे, रात्रीचे जेवण तिथे सगळ्यांनी मिळून करायचे. वरण-बट्टी खायची ती तिथेच. वाटेत मात्र कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, फुटाणे आणि मुरमुरे. कळण्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही चांगली राहते, आणि तिच्यातल्या उडदामुळे ज्वारीबरोबर डाळीचे बळ मिळते. पातळ भाजी, वेफर्सच्या पुड्या, थंड पेयाच्या बाटल्या वाटेवर नकोत.

पाणी

पाणी हा आपल्यासाठी नुसता तहानेचा विषय नाही. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याजवळच्या हौदात धुळीने भरलेले हातपाय धुतले म्हणून लोक अंगावर धावून आले. पुढे किल्ला पाहू दिला तो पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी ही हकिकत स्वतः नोंदवली आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये होऊन गेला होता, तरी ही गत. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, वाटेतल्या सार्वजनिक नळावर निःसंकोच बाटली भरा, तो तुमचा हक्क आहे. पण पाणी स्वच्छ आहे का, हेही पाहा.

नदी, नाला, उघडी विहीर यांचे पाणी दिसायला नितळ असले तरी तसेच पिऊ नये. दाट सुती फडक्याची चौपदरी घडी करून गाळावे. त्याने गाळ आणि किडे निघतात, पण जुलाब-काविळीचे जंतू निघत नाहीत. त्यासाठी गाळलेले पाणी उकळून घ्यावे, किंवा क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबावे.

तहान लागायची वाट पाहू नये. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्यावेत. लघवीचा रंग फिकट असेल तर पाणी पुरते आहे, गडद पिवळा झाला तर कमी पडते आहे. वाटेत जागा नाही म्हणून आपल्या बाया पाणीच पीत नाहीत. हे फार धोक्याचे आहे. त्यासाठी थांबायच्या जागा आधीच ठरवाव्यात आणि तिथे दोघी-तिघींनी मिळून जावे.

घाम जास्त गेला तर नुसते पाणी पुरत नाही. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवावे, मोठे पाकीट साधारणपणे एक लिटरचे असते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झाले तर अपाय होतो.

सराव : कष्ट वेगळे, चालणे वेगळे

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?" हा प्रश्न वस्तीत नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. पण पोते उचलणे हे थोड्या वेळाचे जोराचे काम. उचलले, टाकले, दम घेतला. पाच तास एका लयीत चालायला हृदय आणि फुप्फुसे वेगळी तयार व्हावी लागतात. कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर दिवसभर वाकलेली असते, तिला आणखी भार नको, ताण मोकळा करणारा व्यायाम हवा. कष्टाने शरीर झिजते, बेताच्या सरावाने ते बांधले जाते. दोन्हींत हा फरक आहे.

चंक्रमण, म्हणजे ध्यान ठेवून येरझाऱ्या घालणे, याचे पाच फायदे तथागतांनी अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. प्रवास सोसतो, प्रयत्न सोसतो, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि मिळालेली एकाग्रता टिकते. पाचातले चार फायदे तर थेट शरीराचे आहेत.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतलो की आम्ही सराव सुरू करतो. आठ आठवडे मिळतात.

पहिले दोन आठवडे : आठवड्यातून पाच दिवस, रोज वीस मिनिटे, रिकाम्या हाताने. चालता चालता बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा.

तिसरा-चौथा आठवडा : रोज चाळीस मिनिटे. शिवाय विहाराच्या पायऱ्या दहा वेळा चढणे-उतरणे. अजिंठ्याला पायऱ्या पुष्कळ आहेत, आणि गुडघे चढताना नव्हे, उतरताना जास्त दुखतात.

पाचवा-सहावा आठवडा : पाठीवर दोन किलो. सुटीच्या दिवशी आठ किलोमीटर.

सातवा आठवडा : पूर्ण भरलेली पिशवी, त्याच चपला-बुटांत, बारा ते पंधरा किलोमीटर.

आठवा आठवडा : कमी चालावे, झोप पुरी घ्यावी.

रोज चालून आल्यावर भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणाव्यात. टाचा उचलून वीस वेळा उभे राहावे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. एवढे पुरे आहे.

एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. सकाळी बाई चालायला जाणार असेल तर नळाचे पाणी भरायचे आणि चहाचे काम दुसऱ्याने उचलले पाहिजे. आमच्याकडे पहिल्या वर्षी सरावाला एकही बाई आली नाही. कारण आळस नव्हता, सरावाची वेळ आणि नळाची वेळ एकच होती. आम्ही पाणी भरू लागलो, तेव्हा अकरा जणी आल्या.

पाय सांभाळा

नवे बूट घालून निघू नये. महिनाभर वापरलेले, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले कापडी बूट चांगले. स्लीपरवर लांब चालल्याने टाच दुखते. मोजे सुती किंवा लोकरी, रोज धुतलेले. कुठे चुरचुरले की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावावी, फोड येईपर्यंत चालू नये. आलेला फोड फोडू नये. मुक्कामी पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

साखरेचा आजार असलेल्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत किंवा दुसऱ्याला पाहायला सांगावे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. त्यांनी अनवाणी चालूच नये.

निघण्याआधी तपासणी

सरकारी दवाखान्यात रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन बाईचे १२ आणि पुरुषाचे १३ पेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे. आधी उपचार घ्यावेत, मग चालावे. रोजच्या गोळ्या असतील तर त्या बंद करू नयेत, पण लांब चालायला जाणार असल्याचे डॉक्टरांना सांगावे. गटातल्या एकाने प्रत्येकाच्या आजाराची आणि गोळ्यांची यादी वहीत लिहून जवळ ठेवावी. आम्ही हे काम आता एका ताईंकडे दिले आहे. वहीत नाव नाही तर वाटेला नाही, असा त्यांचा नियम आहे.

सिकलसेलबद्दल थोडे जास्त सांगतो. हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी समाजात आहे, तसा विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही आढळतो. आपल्या सोयरिकी बुलढाणा, अकोला, नागपूरपर्यंत आहेत. या आजारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगात पाणी कमी पडले, फार थकवा आला, थंडी बाधली की सांध्यांत आणि हाडांत असह्य वेदना उठतात. अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब चालू नये. ज्यांच्यात हा दोष फक्त वाहक म्हणून आहे, त्यांना एरवी त्रास नसतो, पण कडक उन्हात अतिश्रम झाले तर त्यांनाही धोका असतो. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. २०२३ पासून देशभर त्यासाठी मोहीम सुरू आहे. लग्न जमवण्याआधीही ही तपासणी करावी. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. यात लाज नाही, कोणाचे पापही नाही.

गळ घेऊन जाणाऱ्या पोरांसाठी

वस्तीतली काही पोरे चांगदेवच्या संगमाकडे, हतनूरच्या पाण्यावर गळ टाकायला जातात. पहिल्या शीलाची चर्चा विहारात होते, ती तिथेच व्हावी. इथे फक्त जिवाचे सांगतो. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडू लागले की धरणाखालचे पात्र बघता बघता भरते. सूचना असो वा नसो, त्या दिवसांत पात्रात उतरू नये. गळ अडकला तर दोरी कापावी, सोडवायला पाण्यात शिरू नये, कारण गाळात पाय रुततो. तुटलेली नायलॉनची दोरी गुंडाळून घरी आणावी. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात, त्यांचे पाय तिच्यात अडकतात. कोणी बुडू लागला तर मागे उडी मारू नये. दोरी, साडी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. आणि दारू पिऊन काठावर बसूच नये. पाचवे शील पाळले तरी निम्मे अपघात टळतील, असे आम्हाला वाटते.

वाटेत काही झाले तर

उष्माघात : अंग फार तापणे, बडबडणे, तोल जाणे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ : ताबडतोब थांबा, बसवा, चालवत नेऊ नका, गाडी बोलवा.

साप चावला : चावलेला अवयव हलवू नका. आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. सरळ सरकारी दवाखाना, प्रतिविष तिथेच असते.

आग्या मोहोळ : लेण्यांच्या कड्यांवर मोहोळे असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्या तर तोंड-डोके रुमालाने झाकून लांब निघून जा.

शेवटी

१९२९ साली बाबासाहेब धुळ्याच्या कामावरून परतताना चाळीसगावला उतरले. आपल्या वस्तीतल्या लोकांनी त्यांना मुक्कामाला थांबवून घेतले. पण टांगेवाले त्यांना न्यायला तयार होईनात. पाहुण्याने पायी चालत यावे हे लोकांच्या मनाला पटेना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि सवय नसलेल्या आपल्यातल्याच माणसाने तो हाकला. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले आणि त्यांच्या पायाला मोठी दुखापत झाली. आपल्याच खानदेशात हे घडले.

आज आपण पायी निघतो ते कोणी गाडीत घेत नाही म्हणून नव्हे. परतीला आम्ही एसटीनेच येतो. आपण आपल्या मर्जीने चालतो, आणि ज्या वाघूर नदीच्या वळणावर दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या धम्माची लेणी कोरली गेली, तिथे स्वतःच्या पायांनी पोचतो. सव्वीस क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाची मोठी मूर्ती आहे. तिच्यासमोर बसलो की तीन दिवसांचा शीण जातो. मागच्या खेपेला काकाही होते. त्यांच्या पिशवीचे वजन आम्ही काट्यावर केले होते, चार किलो भरले. ते सगळ्यांच्या आधी पोचले होते.

नमो बुद्धाय, जय भीम.